संकलकाचे स्थलांतर आणि त्याची कसोटी

१

शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० साली, कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचिला. ज्या-चापांचे किचकट गणित टाळून ग्रहांची स्थाने काढण्याची सोपी रीत त्याने घालून दिली, आणि पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातील पंचांगकर्ते तिच्या आधारे आपले काम करीत राहिले. ग्रंथ एके ठिकाणी सिद्ध झाला, उपयोग मात्र गावोगाव झाला. एका स्थळासाठी सिद्ध केलेले गणित दुसऱ्या स्थळी नेताना कोणते संस्कार द्यावयाचे, हा प्रश्न त्यामुळे आपल्या ज्योतिर्गणितास नवा नाही. देशांतर-संस्कार आणि चर-संस्कार ही त्या प्रश्नाचीच उत्तरे होत.

समजा, पुण्यासाठी तयार केलेली सूर्योदयाची कोष्टके एखाद्याने नाशिकास जशीच्या तशी वापरली. ही दोन्ही नगरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. देशांतरामुळे पडणारा फरक पंधरा-वीस सेकंदांहून अधिक नाही. अक्षांशांत मात्र सुमारे दीड अंशाचे अंतर आहे. आता या कोष्टकांची परीक्षा विषुवदिनी घेतली, तर ती नाशिकासही बरोबर ठरतील, कारण त्या दिवशी अक्षांशाचा परिणाम शून्य असतो. तीच परीक्षा २१ जूनच्या सुमारास घेतली, तर नाशिकचा सूर्य कोष्टकातील वेळेच्या अडीच-तीन मिनिटे आधीच उगवलेला आढळेल. येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. कोष्टक नाशिकापुरते विषुवदिनीही सदोषच होते; परीक्षेचा दिवस असा निवडला गेला की, दोष दिसू शकला नाही.

गणिताने आलेले फल आकाशात प्रत्यक्ष पडताळून पाहण्यास आपल्याकडे ‘दृक्प्रत्यय’ म्हणतात. १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करणारे केरो लक्ष्मण छत्रे यांच्या प्रेरणेने १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले, ते याच आग्रहापोटी. प्रस्तुत लेखाचा विषय संगणकशास्त्रातील आहे. परंतु त्याचे मर्म या जुन्या शब्दात सापडते. संकलक नव्या प्रक्रियकावर व नव्या कार्यप्रणालीवर नेला असता तो विश्वासास पात्र केव्हा समजावा, या प्रश्नाचा इतिहास म्हणजे वस्तुतः दृक्प्रत्ययाच्या रीती कशा शोधल्या गेल्या, याचा इतिहास होय.

२

मनुष्यास सुकर अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या साधनास संकलक, अथवा नेहमीच्या बोलण्यातील शब्द वापरावयाचा तर कंपायलर, म्हणतात. संकलक ही स्वतःच एक आज्ञावली असते. तिचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग मूळ भाषा समजून घेतो. त्याला यंत्राशी फारसे कर्तव्य नसते. दुसरा भाग यंत्राच्या आज्ञा निर्माण करितो. प्रक्रियकात रजिस्टरे किती, शब्द किती बिटांचा, बाइटांचा क्रम कोणता, हे सर्व या दुसऱ्या भागास ठाऊक असावे लागते. त्यातही तीच चिप दोन निरनिराळ्या कार्यप्रणालींखाली असेल, तर उपआज्ञावलीस मूल्ये कोणत्या रजिस्टरांतून पाठवावयाची, स्टॅकची रचना कशी ठेवावयाची, यांचे नियमही बदलतात. संकलक नव्या ठिकाणी नेणे म्हणजे हा दुसरा भाग नव्याने लिहिणे आणि त्याचे पहिल्या भागाशी बिनचूक सांधे जुळविणे होय.

अशा कामातील चूक मोठी फसवी असते. साध्या आज्ञावलीत दोष असेल तर तो त्या आज्ञावलीपुरताच राहतो. संकलकात दोष असेल तर निर्दोष आज्ञावलीचेही उत्तर चुकते, आणि लिहिणारा आपलीच चूक शोधीत बसतो. नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे नियमन करणारी जी लहान नियंत्रके वापरली जातात, त्यांच्या आज्ञावली बहुधा दुसऱ्याच संगणकावर संकलित होऊन मग चिपवर चढविल्या जातात. तेथे संकलकाची चूक कागदावरच्या आकड्यात दिसत नाही. ती यंत्राच्या चालीत दिसते.

३

१९५७ साली जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रानचा संकलक सिद्ध केला. तो त्या एका यंत्राशी इतका बांधलेला होता की, स्थलांतराचा विचार त्यात मुळातच नव्हता. स्थलांतराचा प्रश्न प्रथम उघडपणे पुढे आला तो कोबोलच्या निमित्ताने. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच आज्ञावली चालावी, हा त्या भाषेचा उद्देशच होता. १९६० च्या डिसेंबरमध्ये, किरकोळ बदल करून, जवळजवळ एकच कोबोल आज्ञावली आरसीए व युनिव्हॅक या दोन भिन्न घडणींच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. हा प्रयोग महत्त्वाचा खरा; परंतु कसोटी या दृष्टीने तो विषुवदिनाच्या परीक्षेसारखा होता. दोन यंत्रांवर एक आज्ञावली चालली, एवढेच त्याने सिद्ध झाले. दुसरी आज्ञावली चालेल किंवा नाही, हे अनुक्तच राहिले.

यावरील पहिला व्यवस्थित उपाय शासकीय गरजेतून निघाला. १९६७ नंतर अमेरिकन नौदलात ग्रेस हॉपर यांच्या नेतृत्वाखाली कोबोल संकलकांच्या तपासणीसाठी परीक्षा-आज्ञावलींचे संच तयार होऊ लागले. भाषेच्या प्रमाणग्रंथातील एकेक कलम घ्यावयाचे, त्या कलमाची पारख करणारी लहान आज्ञावली लिहावयाची, आणि तिने आपले उत्तर स्वतःच तपासून ‘उत्तीर्ण’ वा ‘अनुत्तीर्ण’ असे छापावयाचे, अशी ही पद्धत होती. आज प्रचलित असलेल्या बहुतेक परीक्षासंचांचा मूळ नमुना हाच.

याच सुमारास डोनल्ड नुथ यांनी १९६४ साली अल्गोल ६० च्या संकलकांसाठी एक अगदी छोटी परंतु दुर्घट आज्ञावली प्रसिद्ध केली. स्वतःस पुन्हा पुन्हा हाक मारणारी आणि बाहेरच्या पातळीवरील चलांचा संदर्भ घेणारी ही आज्ञावली पुरुषार्थी संकलक कोणते व पोरसवदा कोणते, हे निवडण्यासाठी आहे, असे त्यांनी विनोदाने म्हटले होते. तिचे खरे उत्तर उणे ६७ येते. मौजेची गोष्ट अशी की, नुथ यांनी स्वतः हाताने केलेल्या अदमासात हे उत्तर उणे १२१ असे धरले होते. कसोटी उत्तम होती. कसोटीचे अपेक्षित उत्तर चुकले होते. संकलक तपासणाऱ्याला जो सर्वांत कठीण प्रश्न पडतो तो येथे प्रथमच स्पष्टपणे दिसतो : बरोबर उत्तर कोणते, हे कोणी सांगावयाचे? आकाशासारखा निर्विवाद साक्षी संगणकाच्या जगात सहसा मिळत नाही.

४

या काळात महाराष्ट्रात काय चालले होते? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० च्या सुमारास कामास लागला, आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे परदेशी यंत्र आले. परदेशी यंत्राबरोबर त्याचा संकलकही येत असे. अशा स्थितीत आपल्याकडील संशोधक आपल्या आज्ञावली तपाशीत, संकलक तपाशीत नसत. जो अनुवादक यंत्राच्या मालकानेच दिला, त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही.

हा क्रम पालटण्याचा एक प्रसंग मुंबईतच घडला. फकीर चंद कोहली यांच्या नेतृत्वाखालील टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ साली बरोज कंपनीसाठी एक काम हाती घेतले. रुग्णालयाच्या माहितीव्यवस्थेच्या आज्ञावली बरोजच्या मध्यम श्रेणीतील यंत्रांच्या कोबोलमध्ये होत्या. त्या लहान श्रेणीतील यंत्रांच्या कोबोलमध्ये न्यावयाच्या होत्या. भाषेचे नाव एकच. तरी दोन यंत्रांच्या घडणीत मूलभूत फरक होता. मध्यम श्रेणीतील यंत्रे दशमान पद्धतीने अंक साठवीत व स्मृतीचे पत्तेही दशमानात धरीत. लहान श्रेणीतील बी १७०० हे यंत्र स्मृतीतील कोणत्याही एका बिटापर्यंत पत्ता देऊ शके आणि प्रत्येक भाषेसाठी निराळी सूक्ष्म-आज्ञावली चढवून घेई. हे रूपांतर मुंबईत आयसीएल १९०३ या तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर करण्यात आले, आणि त्यासाठी एका बोलीतून दुसऱ्या बोलीत नेणारे स्वयंचलित रूपांतरक साधन रचण्यात आले.

काटेकोरपणे पाहता हे संकलकाचे स्थलांतर नव्हे. संकलक ज्या आज्ञावली वाचतो त्यांचे ते स्थलांतर होय. तथापि प्रश्नाचे स्वरूप तेच आहे. ज्या यंत्रावरून निघावयाचे ते जवळ नाही, ज्या यंत्रावर पोहोचावयाचे तेही जवळ नाही, आणि रूपांतर तर बिनचूक झाले पाहिजे. येथे प्रथमच आपल्याकडील मंडळींना अनुवादकाचा अनुवाद बरोबर आहे याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी लागली. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीच्या इतिहासात या कामाचा उल्लेख आरंभबिंदू म्हणून होतो. आमच्या मते त्याचे शास्त्रीय महत्त्व याहून निराळे आहे : अनुवादावर विश्वास ठेवण्याकडून अनुवादाची हमी देण्याकडे जाणारे हे पाऊल होते.

५

स्थलांतराच्या शास्त्रास निश्चित रूप आले ते बेल प्रयोगशाळेतील सी भाषा व युनिक्स यांच्यामुळे. स्टीफन जॉन्सन यांनी मुद्दाम स्थलांतरासाठीच रचिलेला संकलक हाताशी घेऊन ते व डेनिस रिची यांनी १६ बिटांच्या पीडीपी-११ वरील युनिक्स ३२ बिटांच्या इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर नेले, आणि १९७८ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, १९७७ मध्ये, ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी इंटरडेटा ७/३२ वर तेच काम स्वतंत्रपणे केले होते. या प्रयोगांतून ध्यानात आले ते असे की, संकलक बरोबर असूनही आज्ञावली बिघडू शकते, कारण लिहिणाऱ्याने जुन्या यंत्राचे गुणधर्म नकळत गृहीत धरलेले असतात. बाइटांचा क्रम उलटल्यामुळे ‘युनिक्स’ या शब्दातील यू, एन, आय, एक्स ही अक्षरे एन, यू, एक्स, आय अशी उमटल्याची गोष्ट पुढे या क्षेत्रात म्हणीसारखी रूढ झाली. अशी गृहीते आधीच शोधून काढण्यासाठी जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाचे तपासणीचे साधन रचिले.

अशा गृहीताचे आपल्या वाचकांस जवळचे वाटेल असे एक उदाहरण देतो. सी भाषेतील एका बाइटाचा ‘कॅरेक्टर’ हा प्रकार धन-ऋण मानावयाचा की केवळ धन, हे भाषेने ठरविलेले नाही. ते संकलकावर सोपविले आहे. इंटेलच्या घराण्यातील प्रक्रियकांवर लिनक्सखाली तो धन-ऋण असतो. आर्म प्रक्रियकावर लिनक्सखाली केवळ धन असतो. त्याच आर्म घराण्यावर ॲपलच्या प्रणालीत पुन्हा धन-ऋण. आता मराठी मजकुरातील अक्षरे मोजणारी एखादी आज्ञावली घ्या. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘अ’ हे अक्षर तीन बाइटांत साठविले जाते, आणि त्यातील पहिल्या बाइटाचे मूल्य २२४ असते. धन-ऋण मानणाऱ्या संकलकास तोच बाइट उणे ३२ दिसतो. ते मूल्य कोष्टकातील स्थान म्हणून वापरले, तर आज्ञावली कोष्टकाच्या बाहेरची स्मृती वाचू लागते. इंग्रजी मजकुरावर कितीही परीक्षा घेतल्या तरी हा दोष उघडा पडणार नाही, कारण इंग्रजी अक्षरांची मूल्ये १२७ च्या आतच असतात. विषुवदिनाचा दृष्टान्त येथे तंतोतंत लागू पडतो. आणि येथे अयनदिनाचे काम आपली मराठी अक्षरे करितात.

प्रक्रियक तोच ठेवून केवळ कार्यप्रणाली बदलली तरी काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. इंटेल घराण्यातील ६४ बिटांच्या प्रक्रियकावर लिनक्समध्ये ‘लाँग’ हा पूर्णांक ६४ बिटांचा असतो, विंडोजमध्ये ३२ बिटांचा. उपआज्ञावलीस पाठवावयाच्या पूर्णांक मूल्यांपैकी लिनक्समध्ये पहिली सहा रजिस्टरांतून जातात, विंडोजमध्ये पहिली चार, बाकीची स्टॅकवरून. म्हणून जाणता परीक्षक दोन-तीन मूल्यांच्या आज्ञावलीवर समाधान मानीत नाही; तो चार, पाच, सहा व सात मूल्यांच्या उपआज्ञावली मुद्दाम लिहितो, कारण नियम बदलतो तो या सीमांवर. त्यापुढे जाऊन तो हाक मारणारा अर्धा भाग जुन्या संकलकाने आणि हाक स्वीकारणारा अर्धा भाग नव्या संकलकाने संकलित करून दोन्ही एकत्र जोडतो. दोन्ही भाग नव्यानेच संकलित केले तर दोघांची चूक एकमेकींशी जुळून जाण्याचा संभव असतो.

६

चूक चुकीशी जुळून जाण्याचा हा संभव संकलकाच्या प्रसिद्ध ‘आत्मसंकलन’ परीक्षेत विशेष जाणवतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीसीसी या मुक्त संकलकाची उभारणी तीन टप्प्यांत होते. जुन्या संकलकाने नवा संकलक बांधावयाचा. त्या नव्याने स्वतःचीच मूळ आज्ञावली पुन्हा संकलित करावयाची. आणि त्यातून निघालेल्याने तीच तिसऱ्यांदा. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील यंत्रभाषा अक्षरशः सारखी असली पाहिजे. ही परीक्षा कडक आहे, कारण स्वतः संकलक ही लक्षावधी ओळींची आज्ञावली असते. तथापि स्वतःच्या लेखनात संकलक जी रचना वापरीतच नाही, तिच्याविषयी ही परीक्षा मौन पाळते; उदाहरणार्थ, अपूर्णांकांचे गणित संकलकाच्या पोटात फारसे येत नाही. केन टॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या टूरिंग व्याख्यानात तर असे दाखवून दिले की, संकलकात मुद्दाम पेरलेला दोष मूळ लेखनात कोठेही न दिसता पिढ्यान् पिढ्या संक्रमित होत राहू शकतो. आपणच आपली साक्ष देणाऱ्याची साक्ष अपुरी असते, हा न्याय येथेही लागू आहे.

अपूर्णांक-गणिताचा प्रश्न महाराष्ट्रात ठळकपणे उभा राहिला तो पुण्यात. १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा समांतर महासंगणक सिद्ध केला. त्याचे प्रक्रियक इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. पुढे ‘परम ८६००’ मध्ये इंटेलचा आय-८६० आला, ‘९०००’ मालिकेत स्पार्क घराणे आले, आणि १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये अल्ट्रास्पार्क. एका दशकात प्रक्रियकांची इतकी घराणी पालटली. शास्त्रीय आज्ञावली मात्र त्याच राहावयाच्या होत्या. अशा वेळी उत्तर ‘तेच’ आले की नाही, हे ठरविणे वाटते तितके सोपे नसते. १ वर १६ शून्ये एवढ्या संख्येत १ मिळवून पुन्हा तीच संख्या वजा केली, तर रूढ ६४ बिटांच्या अपूर्णांक-गणितात उत्तर शून्य येते. आधी वजाबाकी करून मग १ मिळविला, तर उत्तर १ येते. संकलकाने क्रिया पुढेमागे केल्या, अथवा बेरीज निराळ्या संख्येच्या प्रक्रियकांत वाटली गेली, की शेवटचे अंक बदलतात. म्हणून येथे परीक्षकाने अंकांचे शब्दशः साम्य न पाहता चुकीची मर्यादा आधी गणिताने ठरवावी लागते, आणि उत्तर त्या मर्यादेत आहे काय हे पाहावे लागते. मर्यादा आधी न ठरविता ‘जवळजवळ बरोबर’ म्हणणे ही कसोटी नव्हे.

शिवाय प्रक्रियक स्वतः निर्दोष असतो, हेही गृहीत धरता येत नाही. इनमॉसने आपल्या टी-८०० च्या अपूर्णांक-विभागाची घडण ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने गणिती सिद्धतेच्या मार्गाने पडताळून घेतली, आणि या कामास १९९० मध्ये इंग्लंडमध्ये राणीच्या नावाचे तंत्रविद्येचे पारितोषिक मिळाले. उलट, १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रक्रियकाच्या भागाकारात दोष निघाला. विशिष्ट संख्यांच्या जोड्यांपुरताच तो प्रकट होई. सर्वसाधारण परीक्षांतून तो सुटला होता.

७

संकलक नव्या प्रक्रियकावर कसा न्यावा, याचे रीतसर अध्यापन आपल्या प्रांतात झाले ते पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत. प्राध्यापक उदय खेडकर व त्यांचे सहकारी यांनी तेथील जीसीसी संसाधन केंद्राच्या द्वारे या प्रचंड संकलकाची अंतर्रचना विद्यार्थ्यांस उलगडून दाखविली. २०११ च्या कार्यशाळेसारख्या त्यांच्या वर्गांतून त्यांनी मांडलेली पद्धती येथे विशेष उल्लेखनीय आहे. जीसीसीत प्रत्येक प्रक्रियकासाठी एक ‘यंत्रवर्णन’ लिहावे लागते. प्रचलित यंत्रवर्णने इतकी विस्तृत असतात की, त्यांतील कोणती ओळ कशासाठी आहे, हे नवख्यास उमगत नाही. म्हणून या मंडळींनी स्पिम या, एमआयपीएस प्रक्रियकाचे अनुकरण करणाऱ्या, प्रणालीसाठी यंत्रवर्णन पातळी-पातळीने रचिले. पहिल्या पातळीवर केवळ पूर्णांकांची साधी मूल्यनियुक्ती. पुढच्या पातळीवर अंकगणिती पदावल्या. त्यानंतर उपआज्ञावलींची हाक. त्यानंतर अटींवर वळणारा प्रवाह.

वरवर पाहता ही केवळ शिकविण्याची सोय वाटेल. परंतु कसोटीच्या दृष्टीने तिचे मूल्य मोठे आहे. प्रत्येक पातळीवर संकलकाने काय करावे आणि काय करू नये, हे निश्चित असते. अंकगणिताच्या पातळीवरील संकलकास उपआज्ञावलीची हाक दिली, तर त्याने ती नाकारलीच पाहिजे. नाकारली नाही, तर न सांगितलेले काहीतरी तो करीत आहे असे समजावे. दोष आढळला तर तो नुकत्याच चढविलेल्या थरात आहे, हेही कळते. पूर्ण झालेल्या इमारतीत गळती शोधण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर पाणी सोडून पाहणे अधिक शहाणपणाचे, हे गवंडीकामातील तत्त्व येथे शास्त्रात आले.

‘बरोबर उत्तर कोणी सांगावयाचे’ या नुथ यांच्या वेळच्या प्रश्नाला या शतकात दोन दिशांनी उत्तरे मिळाली. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात जॉन रेगर व त्यांचे सहकारी यांनी ‘सीस्मिथ’ हे साधन रचिले. ते यदृच्छेने परंतु भाषेच्या नियमांत राहून आज्ञावली निर्माण करिते. एकच आज्ञावली अनेक संकलकांकडे देऊन उत्तरांची तुलना करावयाची. ज्याचे उत्तर निराळे, तो संशयित. या मार्गाने तीन वर्षांत सव्वातीनशेहून अधिक दोष नामांकित संकलकांत सापडल्याचे त्यांनी २०११ साली जाहीर केले. दुसरी दिशा फ्रान्समधील झाविए लेरॉय यांच्या ‘कॉम्पसर्ट’ची. तेथे संकलकाच्या बिनचूकपणाची गणिती सिद्धताच यंत्राकडून तपासून घेतली आहे. सीस्मिथचा मारा या संकलकावरही झाला. त्यात जे दोष निघाले ते सिद्धतेच्या कक्षेबाहेरील भागांत होते, सिद्ध केलेल्या मधल्या भागात नव्हते. परीक्षा व सिद्धता या परस्परांच्या प्रतिस्पर्धी नसून एकमेकींच्या मर्यादा दाखविणाऱ्या आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

८

या इतिहासाचे आज आपल्याला प्रयोजन काय? पन्नास-साठ वर्षांपूर्वी यंत्रही परदेशी आणि संकलकही परदेशी, अशी स्थिती होती. आता प्रक्रियकच येथे घडू लागले आहेत. पवईच्याच संस्थेतील ‘अजित’ या प्रक्रियकाची २०१९ च्या सुमारास वार्ता आली. त्यासाठी स्पार्कची आठवी आवृत्ती हा आज्ञासंच निवडण्यात आला होता. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकची ‘वेगा’ मालिका यांनी रिस्क-फाइव्ह हा खुला आज्ञासंच स्वीकारला आहे. परिचित आज्ञासंच घेण्याचा एक मोठा लाभ असा की, जगभर पारखून निघालेले संकलक त्याबरोबर मिळतात. म्हणजे आज्ञासंच निवडताना आपण इतरांनी घेतलेल्या परीक्षांचीही निवड करीत असतो.

परंतु ही उसनी हमी ठराविक सीमेपर्यंतच पुरते. प्रक्रियकात एखादी स्वतःची आज्ञा वाढविली, स्मृतीची रचना पालटली, अथवा नवी कार्यप्रणाली त्यावर चढविली की, त्या भागाची कसोटी दुसऱ्या कोणी घेतलेली नसते. ती घडविणाऱ्यानेच घ्यावयाची असते. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संकलकाची रचना शिकविली जाते, व्याकरण-विश्लेषणाचे प्रश्न परीक्षेस येतात. मात्र स्थलांतरित संकलक तपासावा कसा, हा विषय बहुधा प्रात्यक्षिकाच्या वहीत एखाद्या ओळीपुरता राहतो. आज्ञावली संकलित झाली आणि अपेक्षित उत्तर आले, की विद्यार्थी पुढे जातो.

नाशिकसारख्या ठिकाणच्या विभागासही हे काम आवाक्याबाहेरचे नाही. रिस्क-फाइव्हचे अनुकरण करणाऱ्या मुक्त प्रणाली उपलब्ध आहेत. जीसीसी आपल्या परीक्षासंचासह कोणासही मिळतो. त्या संचात एकच आज्ञावली सुधारणेच्या निरनिराळ्या पातळ्यांवर संकलित करून प्रत्येक वेळी उत्तर तपासण्याची सोय आहे. त्याला जोड देता येईल ती आपल्या स्वतःच्या आज्ञावलींची : देवनागरी मजकूर बाइटाबाइटाने वाचणारी, चार ते सात मूल्यांची देवघेव करणारी, चुकीची मर्यादा आधी सांगून मग बेरीज करणारी. प्रत्येकीपुढे ती कोणते गृहीत मोडण्यासाठी लिहिली आहे, हे एका वाक्यात नोंदविले पाहिजे. ज्या आज्ञावलीपुढे असे वाक्य लिहिता येत नाही, ती उत्तीर्ण झाली तरी संकलकाविषयी आपल्याला नवे काहीच कळलेले नसते.

पटवर्धनी पंचांगावरून जो वाद माजला, त्यात जुन्या गणिताच्या बाजूचे लोक अज्ञानी होते असे नव्हे. त्यांची कोष्टके बहुतेक दिवशी व्यवहारास पुरत होती, आणि जे बहुतेक दिवशी पुरते ते सर्व दिवशी खरे आहे, असे मानण्याची सवय जडली होती. संकलकाच्या बाबतीतही आपली सवय तीच आहे. ती मोडावयाची तर परीक्षेचा दिवस आपणच निवडला पाहिजे, आणि तो विषुवदिन असता कामा नये.